आम्ही विकत काहीच नव्हतो

२०१२ साली पुण्यातल्या एका मॉल चालवणाऱ्या कंपनीत मला नोकरी लागली. बातमी सांगायला कारंज्याला आलो आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आधी शेजारच्या गाळ्यातल्या कापडवाल्या काकांकडे गेलो. आमचं दुकान आणि काकांचं दुकान नगरपरिषदेच्या एकाच संकुलात, भिंतीला भिंत. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "मंग तुमची कंपनी इकते काय?"

"काहीच नाही काका. मोठी इमारत आहे. तिच्यातली दुकानं भाड्यानं देते."

"म्हंजे नगरपरिषदच म्हन ना!"

तेव्हा मी हसलो होतो. पुढची नऊ वर्षं त्या कंपनीत काढली, आधी ऑपरेशन्समध्ये आणि नंतर दुकानदारांशी संबंध ठेवणाऱ्या विभागात. कंपनीचं नाव इथे घेत नाही. तिथे जे पाहिलं ते त्या एका कंपनीपुरतं नव्हतं, आणि काकांचं वाक्यही पूर्ण चुकीचं नव्हतं. अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं का चुकलं, हे कळायला मला नोकरीतली बरीच वर्षं लागली.

बाबांच्या गल्ल्याखाली पत्र्याचा एक डबा असे. त्यात गाळ्याच्या भाड्याच्या पावत्या. नगरपालिकांचे गाळे लिलावानं जातात, अनामत भरावी लागते, ठरावीक मुदतीचा करार होतो आणि मुदत संपली की नूतनीकरणाचं घोंगडं भिजत पडतं. जळगावात महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली आणि भाडं किती, गाळा कोणाचा, हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. अशा जागेत पोटभाडेकरू असतात, नावावर एक आणि गल्ल्यावर दुसरा असतो. पण या सगळ्या ढिलाईत एक गोष्ट पक्की असते. आज विक्री किती झाली, हे घरमालक विचारत नाही. बाबांच्या दुकानात लग्नसराईत गर्दी असो की ऐन श्रावणात माश्या मारायची वेळ येवो, पावतीवरचा आकडा तोच.

मॉलमध्ये पहिला फरक इथेच पडतो. तिथल्या करारात दोन आकडे असतात. एक 'मिनिमम गॅरंटी', म्हणजे काही झालं तरी द्यायचं भाडं. दुसरा 'रेव्हेन्यू शेअर', म्हणजे विक्रीतला हिस्सा. या दोन्हींत जो मोठा असेल तो द्यायचा. समजा दुकान ५०० चौरस फुटांचं आहे. किमान भाडं फुटाला १५० रुपये, म्हणजे महिन्याला ७५ हजार. विक्रीतला हिस्सा बारा टक्के. महिन्याची विक्री पाच लाख झाली तर हिस्सा ६० हजार होतो, म्हणून ७५ हजार द्यायचे. विक्री दहा लाख झाली तर एक लाख वीस हजार. त्यावर 'कॅम', म्हणजे जिने, दिवे, वातानुकूलन, सफाई, पहारा यांचा सामायिक खर्च. तो फुटाला ३० रुपये धरला तर आणखी १५ हजार. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. पाच लाख विकणाऱ्या दुकानदाराच्या हातून एक लाख सहा हजार दोनशे रुपये जागेपायी जातात, पगार आणि मालाचे पैसे वेगळे. आणि ज्या ५०० फुटांचे पैसे तो भरतो, त्यातले पायाखाली जेमतेम तीन-साडेतीनशे असतात. बाकीचे जिन्यांत, लिफ्टमध्ये आणि त्या उंच रिकाम्या चौकात, जिथे दिवाळीत आम्ही दोन मजली आकाशकंदील टांगायचो. धंदा वाढला की आम्ही दुकानदाराचे भागीदार असायचो आणि घटला की घरमालक.

विक्रीत हिस्सा मागायचा तर विक्री कळली पाहिजे. म्हणून दुकानाचं बिलिंग यंत्र आमच्या संगणकाला जोडलेलं असायचं. रोज सकाळी अकराच्या आत कालच्या विक्रीचा तक्ता तयार करणं हे माझं पहिलं काम. दारांवर माणसं मोजणारे कॅमेरे, त्यावरून 'फूटफॉल', म्हणजे आलेली डोकी. डोकी भागिले बिलं, बिलं भागिले फूट. कोणत्या दुकानात मंगळवारी दुपारी किती पावत्या फाटल्या हे मालकाआधी मला माहीत असे. सलग तीन महिने एखाद्याचा आकडा खाली आला की लीझिंगवाले त्या जागेसाठी नवा ब्रँड हेरू लागत. त्या दुकानातल्या सेल्समनशी मी रोज चहा पीत असे आणि त्याला यातलं काही सांगायची मुभा मला नसे. नोकरीत काय त्रास होता असं कोणी विचारलं तर पगार, सुट्ट्या, साहेब यांच्याआधी मला हा चहा आठवतो.

भाड्याचे दरही सगळ्यांना एक नसतात. मोठं सुपरमार्केट, मोठं कपड्यांचं दालन, मल्टिप्लेक्स यांना 'अँकर' म्हणतात. ते फुटामागे सगळ्यांत कमी देतात, कारण गर्दी ते आणतात. त्या गर्दीच्या वाटेवर बसणारा लहान दुकानदार सगळ्यांत जास्त देतो. सिनेमा आणि खाणं सर्वांत वर, म्हणजे तिथे जाताना चार मजले पाहून झाले पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी वर जाणारा जिना संपतो तिथून पुढचा सुरू होत नाही, मुद्दाम वळसा घालावा लागतो. व्हिक्टर ग्रूएन नावाचा वास्तुविशारद १९३८ मध्ये नाझींच्या तडाख्यातून व्हिएन्ना सोडून अमेरिकेत गेला आणि १९५६ मध्ये त्यानं मिनेसोटात साउथडेल हे पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित बाजारसंकुल उभं केलं. त्याच्या मनात व्हिएन्नाचे चौक होते, लोकांनी एकत्र यावं, बसावं, बोलावं असे. पुढे या कल्पनेचं जे झालं त्याची जबाबदारी घ्यायला तो म्हातारपणी तयार नव्हता. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स मॉल उघडला तेव्हा लोटलेली गर्दी आवरायला काही काळ दारात मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर साठ रुपये भरा, असा नियम होता. बाजारात शिरायलाच पैसे! काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना ते खरं वाटलं नाही. कारंज्याच्या बाजारात माल घेऊन येणाऱ्यानं पट्टी द्यायची असते, पाहायला येणाऱ्यानं नव्हे.

मात्र बाजाराची जागा एकाच्या ताब्यात असणं आणि तिथे कोणी, कोणत्या अटींवर धंदा करायचा हे त्यानं ठरवणं, यात मॉलनं काही नवं शोधलं असं मला वाटत नाही. तो शोध आमच्या गावाच्या जवळचा आहे. वऱ्हाड निजामाचा मुलूख, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर इथल्या कापसाला मँचेस्टरचे डोळे लागले आणि त्याबरोबर तक्रारीही सुरू झाल्या: कापसात भेसळ, वजनात मारामारी, दलालीचा ताळमेळ नाही. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला असा पहिला बाजार म्हणून त्याचं नाव शेतमाल-विपणनाच्या पाठ्यपुस्तकांत येतं, आणि आमच्या गावातल्या फार थोड्यांना ते माहीत आहे. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशननं या वऱ्हाडी पद्धतीची दखल घेतली, आणि तिथून पुढे चालत आलेली वाट १९६३ च्या महाराष्ट्राच्या बाजार समिती कायद्यापर्यंत पोचते. आज वाशीमच्या किंवा कारंज्याच्या बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचा ढीग पडतो तेव्हा अडत्याकडे परवाना लागतो, हमालाकडे परवाना लागतो, मापाऱ्याकडे परवाना लागतो. शेड समितीचं, नियम समितीचे, आणि उलाढालीवर बाजार फी.

आता मॉलच्या कराराचं नाव पाहा: 'लिव्ह अँड लायसन्स'. आपण त्याला सहज भाडेकरार म्हणतो, पण त्यात दुकानदार भाडेकरू होत नाही, तो परवानाधारक राहतो. जागेवर त्याचा हक्क निर्माण होत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याचं जे संरक्षण जुन्या पेठांतल्या भाडेकरूंना मिळतं, ते याला नाही. एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना तर त्या कायद्यानं आधीच बाहेर ठेवलं आहे, कारण त्यांना संरक्षणाची गरज नाही असं गृहीत आहे. म्हणजे मॉलमधला मोठा ब्रँड संरक्षणाबाहेर आणि लहान दुकानदारही बाहेर. फरक इतकाच की मोठ्याकडे वकिलांचा विभाग असतो.

परवाना दोन्हीकडे आहे, उलाढालीवर हिस्सा दोन्हीकडे आहे. पण बाजार समितीत शेतकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. त्या निवडणुका कशा होतात हे मला शिकवायची गरज नाही, तरी निवडणूक असते, बोर्डावर दर लिहावा लागतो, भांडायला सभा असते. आमच्या मॉलमध्ये दोनशेच्या आसपास दुकानदार होते आणि त्यांची एकही बैठक आम्ही एकत्र घेतली नाही. प्रत्येकाचा करार वेगळा आणि दर गुप्त. शेजाऱ्याला सांगितला तर करारभंग. काकांचं वाक्य अर्धं चुकलं ते इथे. नगरपरिषदेच्या गाळ्याचं भाडं मनमानी वाटलं तर बाबा नगरसेवकाच्या ओट्यावर जाऊन बसत.

वऱ्हाडाचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत जायचा. परळची फिनिक्स मिल १९०५ ची. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचं काय झालं ते आपल्या साहित्यात भरपूर आलं आहे, आणि फिनिक्सच्या आवारात आज मॉल आहे हेही सर्वांना ठाऊक आहे. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातली मुलं आता अशाच इमारतींत राबतात. पुण्याच्या आमच्या मॉलमध्ये सफाई आणि पहाऱ्याच्या कंत्राटी कामगारांत रिसोड, मालेगाव, हिंगोली, पुसदकडचे इतके होते की रात्रपाळीला वऱ्हाडी कानावर पडली नाही असं होत नसे. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा २०१८ मध्ये निती आयोगाच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत गेला. त्या आकांक्षेचं भाषांतर पुण्यात बारा तासांच्या ड्युटीत होई.

गिऱ्हाइकाला जो मॉल दिसतो त्याच्या पाठीमागे दुसरा मॉल असतो. चकचकीत भिंतीत एक दार असतं, त्याच रंगाचं, हँडल नसलेलं. ते ढकललं की प्लॅस्टर न केलेला लांब बोळ, डोक्यावर पाइप, ट्यूबलाइट. माल इथून येतो, कचरा इथून जातो, आणि दुपारी जमिनीवर पुठ्ठा टाकून मुलं डबे उघडतात. बाहेर आम्ही मुद्दाम सुगंध सोडायचो, आत ठेच्याचा वास असे. मी जेवायचो तिथेच, निदान पहिली काही वर्षं. पुढे पद वाढलं आणि केबिनमध्ये जेवू लागलो. हे लिहिताना बरं वाटत नाही. घरी जाताना दुकानातल्या मुलींच्या पिशव्या तपासल्या जात. ग्राहकांची लिफ्ट वापरायची नाही, सोफ्यावर टेकायचं नाही, आणि गिऱ्हाईक नसलं तरी दुकानात बसायचं नाही. केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. तिथे २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, २०२१ मध्ये तामिळनाडूत. आपल्याकडचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा देतो आणि कामगाराला आठवड्याची सुटी बंधनकारक करतो. पण तो आला तेव्हा मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होता. मॉलमधल्या सहा माणसांच्या दुकानाला नुसती नोंद कळवून भागतं. बाहेरून एकच प्रचंड इमारत, आणि कायद्याच्या लेखी दोनशे बारकी दुकानं.

सणाला घरी जाणं आम्हा कोणालाच जमत नसे. नऊ दिवाळ्यांपैकी सात मी त्या दोन मजली कंदिलाखाली काढल्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मॉल रिकामा असतो, लोक घरी असतात. तेवढ्या दोन तासांत मी आईला फोन करायचो.

२०१८ मध्ये मी एक काम केलं. मंगरूळपीरकडचे एक ओळखीचे गृहस्थ हडपसरला लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान चालवत होते. चांगलं चालत होतं. तिसऱ्या मजल्यावर आमची एक जागा बरेच दिवस रिकामी होती. आपल्या भागातला माणूस आहे, पुढे जाईल, असं मला मनापासून वाटलं, आणि वर्षअखेरच्या मूल्यमापनात माझ्या नावावर एक जागा भरल्याचं लागणार होतं, तेही मनात होतं. दोन्ही खरं आहे. मी त्यांना आणलं. तीन वर्षांचा लॉक-इन, म्हणजे तोवर सोडायचं नाही. सोडलं तर उरलेल्या मुदतीचं भाडं द्यायचं. सहा महिन्यांची अनामत. आतलं लाकूडकाम, दिवे, पाटी स्वखर्चानं. २०१९ च्या दिवाळीत त्यांचा तक्ता पाहून मला अभिमान वाटला होता.

मार्च २०२० मध्ये मॉल बंद झाले. महाराष्ट्रात ५ ऑगस्टला उघडायची परवानगी मिळाली, पण चित्रपटगृहं आणि बसून खाणं बंदच. तिसऱ्या मजल्यावर लोक वर जाता-जाता यायचे, आणि आता वर जाण्याचं कारणच उरलं नव्हतं. त्यात लहान मुलांना घेऊन कोण येणार? बंद काळाचं भाडं कंपनीनं माफ केलं, कॅम नाही. उघडल्यानंतर मोठ्या ब्रँडांनी सांगितलं, किमान भाडं विसरा, विक्रीतला हिस्सा देतो. त्यांना ते मिळालं, कारण ते गेले असते तर मजला ओस पडला असता. यांना निम्मं किमान भाडं लावलं. तो निरोप मीच दिला. आपल्याकडून आणखी काही होईल का, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि मी दोनदा वर विचारून आलो.

जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी सोडायचं ठरवलं. लॉक-इन संपला नव्हता, अनामत त्यात वळती झाली. करारात एक कलम असतं, जागा घेतली तशी परत द्यायची. म्हणजे हौसेनं केलेलं सगळं काम स्वतःच्या पैशानं तोडून उघडा सिमेंटचा खोका परत करायचा. तोडफोड रात्री अकरानंतरच, ग्राहकांना दिसू नये म्हणून. मी यादी घेऊन उभा होतो. वायरींची टोकं बंद केली का, फरशीला भेग आहे का, छतातल्या आगविझव्या नळांची तोंडं किती. ती त्यांनी माझ्याबरोबर मोजली. अकरा होती, यादीतही अकरा. पहाटे चारला टेम्पो भरला आणि ते मला म्हणाले, "साहेब, गाडीले पार्किंगचे पैसे पडतीन काय?"

पडत होते. ते मी भरले. त्याच वर्षी जूनमध्ये मी नोकरी सोडली.

मी बाहेर पडल्यानंतर या धंद्याचं रूप आणखी बदललं आहे. मे २०२३ मध्ये नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट हा मॉलचा पहिला भारतीय 'रीट' शेअर बाजारात आला, तेव्हा त्याच्याकडे चौदा शहरांत मिळून सतरा मॉल होते. रीट म्हणजे भाडं देणाऱ्या मालमत्तांचा असा न्यास की ज्याचे युनिट कोणीही विकत घ्यावेत, आणि वाटपायोग्य रकमेतले किमान ९० टक्के न्यासानं युनिटधारकांना वाटावेत, असा सेबीचा नियम. कारंज्याचा एखादा निवृत्त मास्तरही आता पुण्या-बंगळूरच्या मॉलचा इवलासा मालक होऊ शकतो. यात वाईट काही नाही. मात्र त्या पहाटेसारखी यादी घेऊन उभ्या असलेल्या माणसानं वर विचारायला जायचं ठरवलं, तर तो आता नेमका कोणाकडे जाईल, हे मला सांगता येत नाही.

मी आता बाबांच्या गाळ्यात बसतो. काका गेले, त्यांच्या गाळ्यात त्यांचा नातू मोबाइलचं सामान विकतो. करार वाचता येतात म्हणून लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात, आणि अलीकडे त्या कागदांची दिशा उलटी झाली आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. तो आमच्या जिल्ह्यातून जातो, कारंज्याजवळ त्याला उतार आहे. तेव्हापासून रस्त्यालगतच्या प्लॉटवाल्यांची स्वप्नं मोठी झाली. माझ्या भाच्याकडे एका दुकानसाखळीच्या वतीनं एक दलाल मसुदा घेऊन आला: तुम्ही आमच्या नकाशाप्रमाणे आठ हजार फुटांची इमारत बांधा, आम्ही पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतो.

या वेळी घरमालक आमचा माणूस होता आणि भाडेकरू कंपनी. पण मसुदा वाचताना ओळखीची भाषा भेटली. भाच्याला पंधरा वर्षं जागा काढून घेता येणार नाही. कंपनीला मात्र तीन वर्षांनंतर केव्हाही तीन महिन्यांची नोटीस देऊन निघता येईल. बांधकामाचं कर्ज दहा वर्षांचं, भाच्याच्या नावावर, शेतीही त्यात गहाण. खांबांमधलं अंतर, छताची उंची, माल उतरवायची जागा, सगळं त्या एका दुकानाच्या मापाचं. ते गेले तर कारंज्यात आठ हजार फूट घेणारा दुसरा कोण? आणि जे आमच्या मॉलमध्ये दुकानदाराला करावं लागे, जागा होती तशी करून देणं, ते या मसुद्यात कंपनीनं स्वतःला माफ करून घेतलं होतं.

भाचा म्हणाला, "पन कंपनी मोठी हाये मामा."

मी त्याला तिसऱ्या मजल्याची गोष्ट सांगितली, पार्किंगच्या पैशासकट. मग आम्ही दोघांनी मसुद्यावर तीन रेघा मारल्या. लॉक-इन निदान सात वर्षं, दोन्ही बाजूंना सारखा. त्याआधी निघाले तर उरलेल्या मुदतीचे हप्ते कंपनीनं भरायचे. अनामत सहाऐवजी बारा महिन्यांची.

"नाही म्हनतीन तं?"

"तं त्याईले इचार, चौथ्या वर्षी मी या बिल्डिंगीत काय करू?"

कागद दलालाकडे परत गेले. आठ दिवसांत कळवतो म्हणाला होता. हा लेख संपादकांकडे पाठवेपर्यंत निरोप आलेला नाही. भाच्यानं प्लॉटवर यंदा सोयाबीनच पेरलं आहे.